आडनावांच्या वेगवेगळ्या लेखनामुळे वाचनालयाच्या माहितीसाठ्यात नोंदी सापडत नाहीत, उपाय सुचवावा

प्रश्न: दाखलनोंद, सदाशिव पेठ

सप्रेम नमस्कार.

पुण्यातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात मी सूचीचे काम पाहते. ग्रंथकार, देणगीदार आणि सभासद यांच्या नोंदी आता आमच्याकडे एकाच माहितीसाठ्यात आहेत, परंतु त्या तीन वेगवेगळ्या काळांत आणि तीन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिल्या गेल्या. सर्वांत जुन्या दाखल नोंदवह्या देवनागरीत हाताने लिहिलेल्या असून त्यांत अनुच्चारित अनुस्वारांसह शुद्धलेखनाचे जुने वळण जसेच्या तसे आहे. इंग्रजी विभागाची तालिकापत्रे (सूचीची कार्डे) रोमन लिपीत टंकलिखित आहेत. तिसरा भाग संगणक आल्यानंतर युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच संकेतांक देणारी युनिकोड पद्धत रूढ होण्यापूर्वीच्या, फॉन्टमध्ये भरला गेला आणि काही वर्षांनी त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर झाले. त्या रूपांतरात काय काय घडले हे सांगू शकेल असे कोणी आता आमच्याकडे नाही.

गेल्या महिन्यात एक वयोवृद्ध गृहस्थ आपल्या पणजोबांनी वाचनालयाला भेट दिलेल्या ग्रंथांची चौकशी करण्यासाठी आले होते. मी संगणकावर आडनाव टाकले, एकही नोंद आली नाही, आणि ‘आपल्याकडे अशी नोंद नाही’ असे मी त्यांना सांगितले. ते गेल्यावर मनाला रुखरुख लागून राहिली, म्हणून मी जुन्या वह्या काढून पाने चाळली. सत्तावीस ग्रंथ त्यांच्या पणजोबांच्या नावावर भेट म्हणून दाखल झालेले होते. नोंद माहितीसाठ्यातही होती. मी टाकलेले आडनाव आणि तेथे लिहिलेले आडनाव संगणकाच्या लेखी एक नव्हते, इतकेच. त्यांचे आडनाव येथे देणे योग्य नाही, म्हणून त्याच घडणीचे ‘वऱ्हाडपांडे’ हे आडनाव उदाहरणादाखल घेते. अशा आडनावाची आमच्याकडे ‘वऱ्हाडपांडे’, ‘वर्‍हाडपांडे’, ‘वर्हाडपांडे’ आणि ‘वऱ्हाडपाण्डे’ अशी चार रूपे आहेत, आणि त्यांतील पहिली दोन पडद्यावर अगदी सारखी दिसतात.

याशिवाय कुलकर्णी आणि कुळकर्णी, दीक्षित आणि दिक्षित, पाटील आणि पाटिल, भोसले आणि भोंसले, चापेकर आणि चाफेकर या जोड्या तर रोजच्याच आहेत. रोमन नोंदींत आठवले हे आडनाव ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन्ही अक्षरांनी लिहिलेले आढळते. कॅम्पातील जुन्या सभासदांमध्ये डिसोझा कुटुंबे बरीच होती. त्यांच्या आडनावात ‘डी’नंतर कोठे ॲपॉस्ट्रॉफी आहे, कोठे मोकळी जागा आहे, तर कोठे सारी अक्षरे सलग आहेत. ॲपॉस्ट्रॉफी टाकून शोध घेतला की आमचे शोधपान चूक दाखवून थांबते.

कार्यकारी मंडळातील काही सदस्यांचे मत असे आहे की, सर्व आडनावे आजच्या प्रमाण लेखनानुसार एकदाच दुरुस्त करून टाकावीत. मला ते पटत नाही, परंतु दुसरा मार्गही सुचत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: विदागार, कोथरूड

ताई, नमस्कार. आपल्याला जे पटत नाही ते न पटणे योग्यच आहे. मूळ नोंदीतील आडनाव हा पुरावा आहे. तो एकदा ‘दुरुस्त’ केला की वहीत काय लिहिले होते हे माहितीसाठ्यावरून पुन्हा कधीच कळणार नाही. म्हणून मूळ रकान्याला हात न लावता त्याच्या शेजारी ‘शोधरूप’ नावाचा दुसरा रकाना तयार करावा. त्यात आडनावाचे सरळ केलेले रूप साठवावे आणि वाचकाने शोधचौकटीत काहीही टाकले तरी त्यावरही तीच प्रक्रिया करून मग तुलना करावी. शोधरूप कोणाला दाखवायचे नसते, त्यामुळे ते शुद्ध असण्याची गरज नाही; ते सर्वत्र एकाच रीतीने तयार झालेले असणे एवढेच आवश्यक आहे.

आपल्या चार रूपांपैकी पहिली दोन सारखी दिसूनही वेगळी का ठरतात, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण मराठी माहितीसाठ्यांत हा दोष फार ठिकाणी आढळतो आणि डोळ्यांना दिसत नसल्याने तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ यांतील अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त असतो. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर नावाचे अदृश्य चिन्ह असते. रूपांतराच्या वेळी किंवा कोणी मजकूर चिकटवताना ते अदृश्य चिन्ह गळून पडले की त्या ‘र’चा रफार होतो आणि आपल्याकडील तिसरे रूप तयार होते. युनिकोडची प्रमाणीकरणाची प्रक्रिया, म्हणजे एनएफसी, चालवल्याने ‘र’ आणि नुक्ता वेगवेगळे साठवलेले असतील तर ते जोडले जाऊन ‘ऱ’ होतो, परंतु झीरो विड्थ जॉइनर त्या प्रक्रियेने काढला जात नाही. म्हणून आधी एनएफसी चालवावी, मग जॉइनर आणि नॉन-जॉइनर ही दोन्ही अदृश्य चिन्हे काढावीत आणि शेवटी ‘ऱ’चा ‘र’ करावा. असे केल्यावर पहिली तीन रूपे एक होतात.

चौथ्या रूपासाठी परसवर्णाचा नियम लागतो. ङ्, ञ्, ण्, न् आणि म् यांच्यापुढे त्याच वर्गातील पहिल्या चार व्यंजनांपैकी एखादे असेल तेव्हाच त्यांचा अनुस्वार करावा. हा नियम सरसकट लावला तर कान्हेरे किंवा खन्ना यांतील ‘न्’सुद्धा विनाकारण अनुस्वार होऊन बसतो.

यापुढील बदल जरा सैल स्वरूपाचे आहेत: सर्व इकार-उकार ऱ्हस्व करणे, ‘ळ’चा ‘ल’, ‘ण’चा ‘न’ आणि ‘ष’चा ‘श’ करणे, आणि अनुस्वार पूर्णपणे काढून टाकणे. अनुस्वार काढल्यामुळे भोंसले आणि भोसले एकत्र येतात, परंतु पांडे आणि पाडेही एकत्र येतात. म्हणून माझ्या मते दोन शोधरूपे ठेवावीत, एक काटेकोर आणि एक सैल. काटेकोर रूपाने मिळालेल्या नोंदी वर दाखवाव्यात आणि सैल रूपाने मिळालेल्या त्याखाली, ‘जवळची आडनावे’ अशा वेगळ्या मथळ्याने.

विरामचिन्हांचे म्हणाल, तर कीबोर्डवरील सरळ ॲपॉस्ट्रॉफी, छपाईतील वळलेले अवतरणचिन्ह आणि कीबोर्डवरील उलटी तिरकी खूण (बॅकटिक) ही तिन्ही वेगवेगळी चिन्हे आहेत, आणि संयोगचिन्हाचीही तीच कथा आहे. शोधरूपातून ती सर्व काढावीत, मोकळी जागाही काढावी. ‘श्री.’, ‘सौ.’, ‘कै.’ ही उपपदे काढताना मात्र त्यांच्यापुढे टिंब किंवा मोकळी जागा आहे का हे आधी तपासावे आणि जागा काढण्याचे काम त्यानंतर करावे. नाहीतर श्रीखंडे यांचे खंडे होतील आणि सौदागर यांचे दागर.

आपले शोधपान चूक दाखवते, ते वाचकाने टाकलेला मजकूर थेट एसक्यूएलच्या, म्हणजे माहितीसाठ्याला आज्ञा देण्याच्या भाषेच्या, वाक्यात चिकटवला जात असल्यामुळे. त्या भाषेत ॲपॉस्ट्रॉफी हे मजकूर संपल्याचे चिन्ह असते, त्यामुळे डिसोझा यांच्या ‘डी’नंतर वाक्य तुटते. ज्या दारातून ही चूक आत येते त्याच दारातून कोणी जाणूनबुजून विध्वंसक आज्ञाही पाठवू शकतो. शोधशब्द आज्ञेत न मिसळता पॅरामीटर म्हणून वेगळा पाठवला की दोन्ही प्रश्न सुटतात. हे काम इतर सर्व कामांच्या आधी करून घ्यावे, अशी आग्रहाची विनंती आहे.

उत्तर: ध्वनिशोध, औंध

वरील उत्तर देवनागरी नोंदींपुरते पुरेसे आहे. रोमन तालिकापत्रांबद्दल थोडी भर घालतो, कारण या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी ‘साउंडेक्स (उच्चारावरून नावांना संकेत देणारी पद्धत) वापरा’ हा सल्ला दिला जातो आणि मराठी आडनावांसाठी तो जपून घ्यावा लागतो.

साउंडेक्सचे पहिले पेटंट रॉबर्ट रसेल यांना १९१८ साली अमेरिकेत मिळाले, आणि पुढे तेथील जनगणनेच्या जुन्या नोंदींची सूची त्याच पद्धतीने केली गेली. आडनावाचे पहिले अक्षर कायम ठेवायचे, स्वर सोडून द्यायचे आणि पुढील व्यंजनांना गटवार आकडे देऊन एकूण तीन आकडे घ्यायचे, अशी ती रीत आहे. काही ठिकाणी ती आपल्याही उपयोगी पडते. दीक्षित हे आडनाव ‘एक्स’ने लिहा किंवा ‘के-एस-एच’ने लिहा, संकेत डी २३० हाच येतो. गायकवाड यांची ‘ए-आय’ आणि ‘ए-ई’ ही दोन्ही रूपे जी २३० वर येतात. इतकेच नव्हे, तर वानवडीला ज्यांची छत्री आहे त्या शिंद्यांचे मराठी उच्चाराप्रमाणे केलेले रोमन लेखन आणि ‘एस-सी’ने सुरू होणारे इंग्रजी लेखन ही दोन्ही एस ५३० या एकाच संकेतावर येतात.

परंतु पुढे पाहा. केळकर आणि कुलकर्णी या दोघांचाही संकेत के ४२६ येतो. जोशी आणि जोग दोघेही जे २००. काळे, कोळी, खळे आणि कोल्हे हे चौघेही के ४००. आपली आडनावे लहान असतात आणि त्यांतील भेद बहुधा स्वरांत आणि महाप्राणांत असतो. साउंडेक्स नेमके तेच टाकून देते. उलट वाघ हे आडनाव ‘डब्ल्यू’ने आणि ‘व्ही’ने लिहिलेले असेल किंवा फडके ‘पी-एच’ने आणि ‘एफ’ने लिहिलेले असेल, तर पहिले अक्षर निराळे म्हणून संकेतही निराळे. म्हणजे ज्यांना एकत्र आणायचे ते दूर राहतात आणि ज्यांना दूर ठेवायचे ते एकत्र येतात.

पूर्व युरोपातील ज्यू आडनावांच्या बाबतीत हीच अडचण आली, तेव्हा रँडी डेच आणि गॅरी मोकोटॉफ यांनी १९८५ साली त्या आडनावांच्या उच्चारांना धरून सहा आकड्यांची स्वतंत्र पद्धत तयार केली. मराठीसाठीही स्वतःचे नियम करणे हाच मार्ग आहे, आणि ते अवघड नाही: ‘डब्ल्यू’ आणि ‘व्ही’ एक, ‘पी-एच’ आणि ‘एफ’ एक, दुहेरी ‘ई’ आणि ‘आय’ एक, दुहेरी ‘ओ’ आणि ‘यू’ एक, ‘एक्स’ म्हणजे ‘क्ष’, आणि स्वर मात्र ठेवायचे. परदेशी विद्यापीठांच्या सूचींशी ताडून पाहणार असाल, तर तेथे लिप्यंतर अक्षरशः केलेले असते आणि ज्या ‘अ’चा आपण उच्चार करत नाही तोही लिहिला जातो, त्यामुळे कुलकर्णी यांच्या ‘ल’नंतरही एक ‘ए’ येतो, हेही ध्यानात ठेवावे.

पोस्टग्रेस या माहितीसाठा सांभाळणाऱ्या प्रणालीत साउंडेक्स आणि मेटाफोन ही तशीच दुसरी ध्वनिपद्धत तयार मिळतात म्हणून ते देवनागरी रकान्यावर लावू नयेत; यूटीएफ-८सारख्या बहुबाइट (एका अक्षरासाठी अनेक बाइट वापरणाऱ्या) मजकुरावर ते नीट चालत नाहीत, असे त्याच्या माहितीपुस्तिकेतच म्हटले आहे.

अक्षरांतील फरक मोजण्याच्या पद्धतींबद्दलही एक इशारा. लेव्हेनश्टाइन अंतर, म्हणजे एका नावाचे दुसरे करण्यास लागणारे अक्षरबदल, एक असलेली सर्व नावे ‘जवळची’ मानली, तर साने यांच्या शोधात माने येतील. तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांची तुलना करणाऱ्या पद्धतीत आणखी एक गोष्ट घडते: आपली असंख्य आडनावे ‘कर’ने संपतात, म्हणून खांडेकर आणि दांडेकर यांचे शेपूट जुळते आणि साम्य फुगून दिसते. आडनावाच्या आरंभाला अधिक वजन देणारी जारो-विंकलर पद्धत अशा नावांना त्यामानाने मानवते. पाच अक्षरांहून लहान आडनावांना अशी कोणतीही पद्धत लावूच नये, असे माझे अनुभवावरून झालेले मत आहे.

उत्तर: मोडीवाचक, शनिवार पेठ

दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत. मी संगणकातील जाणकार नाही. जुने कागद वाचतो, त्या बाजूने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट अशी की, ज्याला आपण लेखनातील गोंधळ म्हणतो तो पुष्कळ वेळा गोंधळ नसून त्या काळची रीत असते. मोडीत ऱ्हस्व आणि दीर्घ असा इकार-उकाराचा भेद नाही; तेथे एकच वेलांटी आणि एकच उकार. ज्याने बालपणी मोडी गिरवली त्याने पुढे देवनागरीत दिक्षित लिहिले, तर ती त्याची चूक म्हणता येणार नाही. तसेच अनुच्चारित अनुस्वार हे त्या काळचे शुद्धलेखनच होते. १९६२ साली शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे नियम स्वीकारले, त्यानंतर ते अनुस्वार गेले. भोंसले लिहिणारा कारकून त्याच्या काळच्या नियमाने बरोबर होता. कार्यकारी मंडळासमोर हा मुद्दा ठेवावा, म्हणजे ‘दुरुस्ती’ या शब्दाचाच फेरविचार होईल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. काही रूपे कोणत्याही ध्वनिनियमाने जुळणार नाहीत. नाना फडणवीस यांचे उदाहरण घ्या. मराठी ग्रंथांत त्यांचे नाव कोठे फडणवीस आणि कोठे फडणीस असे आढळते, जुन्या इंग्रजी पुस्तकांत इंग्रजांच्या कानांनी ‘ड’चा ‘र’ केल्यामुळे ते फर्नवीस होतात, कागदपत्रांत ते बाळाजी जनार्दन असतात, आणि घराण्याचे मूळ आडनाव तर भानू. पेशव्यांचे मूळ आडनाव भट होते, हे सर्वांना माहीत आहे. हुद्द्यावरून, गावावरून आणि वतनावरून आडनावे बदलत गेली. एकाच घराण्याच्या दोन शाखांची आडनावे दोन झाली, आणि कुलवृत्तांत तयार करणाऱ्यांची निम्मी शक्ती हे धागे जुळवण्यातच जाते. येथे ग्रंथालयशास्त्रातील जुनी पद्धतच उपयोगी आहे: व्यक्तीची एक प्राधिकृत नोंद करावी आणि इतर सर्व रूपांकडून तिच्याकडे ‘पाहा’ असा निर्देश द्यावा. आपल्या लाकडी खणांतील तालिकापत्रांत असे निर्देश बहुधा असतीलच. ते संगणकात उतरवले गेले का, हे कृपया तपासावे.

विदागार यांच्या सूचनेला मात्र एक पुरवणी जोडतो. चापेकर आणि चाफेकर, किंवा फडणीस आणि फडणवीस, ही रूपे शोधात एकत्र दिसावीत, पण नोंदी एकत्र करू नयेत. आज ही वेगवेगळ्या कुटुंबांची स्वतंत्र आडनावे आहेत, आणि आपले आडनाव कसे लिहावे हे ठरवण्याचा अधिकार त्या त्या कुटुंबाचा आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर: दाखलनोंद, सदाशिव पेठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या संगणकाचे काम पाहणाऱ्या मुलाने शोधपानाची दुरुस्ती सर्वप्रथम केली, आणि देवनागरी नोंदींच्या एका प्रतीवर दोन्ही शोधरूपे तयार करून पाहिली. अदृश्य चिन्हे काढल्याबरोबर ज्या नोंदी वर आल्या त्या पाहून मला समाधान वाटले आणि वाईटही वाटले, कारण त्यांतील काही नावांबद्दल गेल्या काही वर्षांत मी स्वतः लोकांना ‘नाही’ म्हणून सांगितले आहे. त्या वयोवृद्ध गृहस्थांचा दूरध्वनी क्रमांक आमच्या अभ्यागत वहीत होता. मी त्यांना कळवले, आणि ते परवा येऊन पणजोबांच्या सहीची पाने पाहून गेले.

सैल रूपाच्या यादीत अपेक्षेप्रमाणे असंबद्ध नावेही येतात, परंतु वेगळ्या मथळ्याखाली असल्याने वाचकांचा गोंधळ होत नाही. मोडीवाचक यांनी म्हटल्याप्रमाणे खण उघडून पाहिले. ‘पाहा’ निर्देशांची पत्रे तेथे व्यवस्थित लावलेली आहेत आणि त्यांतील एकही संगणकात भरलेले नाही. कोणा पूर्वसुरींनी सुंदर अक्षरांत केलेले ते काम आता मी रोज थोडे थोडे भरत आहे.

एक शंका उरली आहे. लेखिका आणि स्त्री-सभासद यांच्या नोंदींत माहेरचे आणि सासरचे आडनाव कधी संयोगचिन्हाने जोडलेले असते, कधी दोन्ही नुसती शेजारी असतात, तर कधी विवाहापूर्वीची पुस्तके एका आडनावाने आणि नंतरची दुसऱ्या आडनावाने दाखल आहेत. संयोगचिन्ह आणि जागा काढून टाकल्यास दोन आडनावांचे मिळून एकच लांबलचक शोधरूप होते, आणि मग दोन्हींपैकी कोणत्याही एका आडनावाने शोधले तरी ती नोंद सापडत नाही.

उत्तर: विदागार, कोथरूड

ताई, हा दोष माझ्या सूचनेतला आहे, तो दाखवून दिलात हे बरे झाले. संयोगचिन्ह आणि मोकळी जागा सरसकट काढू नये. त्या ठिकाणी आडनावाचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याचे वेगळे, शिवाय सर्व तुकडे जोडून एक, अशी शोधरूपे तयार करावीत. डिसोझा यांच्यासाठी जोडलेले रूप उपयोगी पडेल आणि जोडआडनावांसाठी तुकडे. एकाक्षरी तुकडा, म्हणजे एकटी ‘डी’, मात्र शोधरूप म्हणून साठवू नये.

यासाठी शोधरूप हा नोंदीतील एक रकाना न ठेवता त्याचे वेगळे कोष्टक करावे, म्हणजे एका व्यक्तीला कितीही रूपे जोडता येतील. त्या कोष्टकात प्रत्येक रूपापुढे ते कोठून आले हेही लिहावे: वहीतून, तालिकापत्रावरून, ग्रंथाच्या शीर्षकपानावरून, ‘पाहा’ निर्देशातून की केवळ नियमाने तयार झालेले. विवाहापूर्वीचे आणि नंतरचे आडनाव एकाच लेखिकेचे आहे हे नियमाने कळणार नाही. ते आपण किंवा आपल्या सहकाऱ्यांनी तपासून हाताने जोडावे लागेल, आणि ते कोणी व कशाच्या आधारे जोडले याची नोंद त्याच ओळीत ठेवावी. आपण सध्या खणातील जी पत्रे भरत आहात, ती थेट याच कोष्टकात भरली तर पुन्हा स्थलांतराचे काम उरणार नाही. कोष्टकाचा आराखडा मी उद्या येथेच लिहून ठेवतो.